स्पोर्ट्‌स कारमधील एक्झॉस्टचे घुमणे आणि रस्त्याचा आवाज : आधी मोजणी, मग पाना

निसान ३७०झेड शांत आहे असे सांगून ती कोणी कोणाला विकलेली नाही. ३.७ लिटरचे व्ही-६ इंजिन, मागच्या चाकांना जोर, स्पोर्ट पॅकेज असेल तर पुढे २४५ आणि मागे २७५ मिलिमीटर रुंदीचे १९ इंची टायर, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दोन आसनांच्या मागे भिंतच नाही. डिकी आणि बसण्याची जागा ही एकच पोकळी आहे, आणि मागच्या दोन्ही चाकांच्या कमानी त्या पोकळीत थेट उघड्या पडतात. साध्या सेडानमध्ये मागच्या आसनाची पाठ, तिच्यामागचा पत्रा आणि डिकीची बंद पेटी मिळून जे काम करतात, ते इथे एक पातळ गालिचा आणि प्लॅस्टिकची ट्रिम यांच्यावर सोपवलेले आहे.

ह्यूस्टनमध्ये मी अशी एक जुनी गाडी घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने तिला बाजारातील मोठ्या तोंडाचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे सोडणाऱ्या नळ्या आणि सायलेन्सर, बसवून घेतलेला होता. गावात तो आवाज आवडला. डॅलसपर्यंतच्या सुमारे २४० मैलांच्या पहिल्याच प्रवासात मात्र ताशी ७५ मैलांवर कानात जे घुमू लागले, ते पोहोचेपर्यंत थांबले नाही. परतल्यावर मी बहुतेक जण करतात तीच चूक केली. पत्र्याची थरथर मारणाऱ्या चिकट डॅम्पिंग शीटचे दोन खोके मागवले, दोन शनिवार-रविवार खर्चून जमिनीचा पत्रा न पत्रा झाकला, आणि गाडी रस्त्यावर काढली. दरवाजे लावताना भारदस्त वाजू लागले, खडीचा कडकडाट कमी झाला. घुमणे मात्र जिथल्या तिथे होते. पुढील सगळा मजकूर त्या चुकीतून शिकलेला आहे, आणि त्यातील क्रम बदलू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दोन आवाज, दोन वेगळ्या जाती

गाडीवाले ज्याला ड्रोन म्हणतात ते एक्झॉस्टचे घुमणे इंजिनाच्या आरपीएमशी, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांशी, बांधलेले असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, म्हणजे सहा सिलिंडरांच्या इंजिनात एका फेरीत तीन स्फोट होतात. सहा गिअरच्या मॅन्युअल ३७०झेडमध्ये ताशी ७५ मैलांना, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरला, शेवटच्या गिअरमध्ये इंजिन साधारण २७५० आरपीएमवर असते. २७५० ला ६० ने भागून ३ ने गुणले की १३७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३७ कंप, येतात. व्ही-६ च्या प्रत्येक बाजूला तीनच सिलिंडर असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर प्रत्येक नळीत याच्या निम्मा, सुमारे ६९ हर्ट्झचा स्वरही असतो. त्यात भर म्हणजे पायाजवळच्या पत्र्यापासून डिकीच्या काचेपर्यंतची पोकळी अंदाजे अडीच मीटर धरली, तर तिचा स्वतःचा पहिला अनुनाद ६९ हर्ट्झच्याच आसपास पडतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तशी गाडीच वाजू लागते. डोके वीतभर पुढे-मागे केल्यावर घुमणे कमी-जास्त होते का हे पाहावे. होत असेल तर पोकळी त्यात सामील आहे.

रस्त्याचा आवाज याहून पसरट असतो. टायरच्या आतील हवेची पोकळी साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात वाजते, आणि हा आवाज चाक, सस्पेंशनच्या सांध्यांतील रबरी बुश आणि सांगाडा यांतून आत शिरतो. टायरच्या नक्षीचा सूं-सूं आवाज १००० हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि मुख्यतः हवेतून, फटींतून आणि पातळ पत्र्यांतून येतो. टेक्सासमधील काँक्रीटच्या महामार्गांवर पाणी निसटावे म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात, आणि त्यांच्यावर टायर शिट्टी वाजवल्यासारखे वाजतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून किंवा समृद्धीवरून जाणाऱ्या वाचकाला डांबर संपून काँक्रीट लागताच आवाज कसा बदलतो हे वेगळे सांगायला नको.

एवढे विवेचन करण्याचे कारण असे, की या दोन आवाजांवरचे उपाय जवळजवळ कुठेच एकत्र येत नाहीत. एका चौरस मीटरला पाच किलो वजनाचा पडदा १००० हर्ट्झचा आवाज गणिताने सुमारे २७ डेसिबल अडवतो, आणि तोच पडदा ७० हर्ट्झला जेमतेम चार डेसिबल. स्पंजासारख्या शोषकाची स्थिती तर आणखी बिकट आहे, कारण १३७ हर्ट्झच्या लाटेची लांबी अडीच मीटर असल्यामुळे ती नीट शोषायला साठ सेंटिमीटर जाडीचा थर लागेल. तेवढ्या जागेत माणूस बसतो. म्हणून घुमणे गाडीबाहेर, नळीतच मारावे लागते. रस्त्याचा आवाज टायरपाशी कमी करून उरलेला आत अडवावा लागतो.

पहिली पायरी : मोजणी

महागडे यंत्र लागत नाही. फोनवर आवाजाचा आलेख, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारे कोणतेही स्पेक्ट्रम ॲप चालते. नुसता डेसिबलचा एक आकडा दाखवणारे ॲप इथे फसवते, कारण ती ॲप बहुधा ए-वेटिंग, म्हणजे खालच्या स्वरांना कमी लेखणारी मोजणी, लावतात आणि त्या पद्धतीत १२५ हर्ट्झला सुमारे १६ व ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा होतात. डोके दुखवणारे घुमणे आकड्यातून गायब होते आणि माणूस स्वतःच्या कानावर शंका घेतो. ॲपमध्ये खालचे स्वर फारसे न कापणाऱ्या सी किंवा झेड वेटिंगची सोय असेल तर ती निवडावी.

फोन शेजारच्या आसनाच्या डोक्याच्या उशीला पक्का बांधावा, आणि ॲप सुरू करणे-बंद करणे हे काम सोबत्याकडे द्यावे. रस्त्याचा तोच तुकडा, तीच दिशा, तोच वेग, टायरमध्ये तेवढीच हवा, एसी आणि गाणी बंद, काचा बंद, अशा अवस्थेत अर्ध्या मिनिटाची तीन मोजमापे घ्यावीत आणि आलेखाची चित्रे जपून ठेवावीत. माझ्या आलेखात सगळी रेघ डोंगरउताराप्रमाणे खाली येत होती आणि १३७ च्या जागी एकच सुळका सरळ वर गेला होता, जणू कोणी तिथे खिळा ठोकून ठेवला असावा.

त्यानंतर फुकटच्या तीन चाचण्या कराव्यात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगाला क्लच दाबून गाडी क्षणभर नुसती वाहू द्यावी; इंजिन बंद करू नये. सुळका नाहीसा झाला तर तो एक्झॉस्टचा, टिकून राहिला तर चाकांचा. मग त्याच वेगाला एक गिअर खाली उतरवावा. घुमण्याचा स्वर बदलला की दोष आरपीएमशी जोडलेला आहे याची खात्री पटते. शेवटी मोकळ्या वळणावर हलकेच डावी-उजवीकडे झोका देऊन पाहावे. एका बाजूला वळताना घरघर वाढत असेल आणि दुसऱ्या बाजूला थांबत असेल, तर ते चाकाचे बेअरिंग गेल्याचे लक्षण आहे, आणि तशा गाडीत शीट चिकटवणे म्हणजे धोक्याची सूचना उशीखाली दाबणे होय.

दुसरी पायरी : एक्झॉस्ट

गाडी पक्क्या स्टँडवर चढवून, नळ्या पूर्ण थंड झाल्यावर, आधी फक्त पाहावे. एक्झॉस्ट गाडीला रबरी हँगरवर टांगलेला असतो, आणि या रबरांचे काम थरथर सांगाड्यात जाऊ न देणे हे आहे. रबर चिरले, ताणून लांब झाले, किंवा कोणी हौसेने त्याजागी कडक पॉलियुरेथेन बसवले, की थरथर थेट पत्र्यात जाते. नळी हाताने चारही दिशांना हलवून ती कुठे टेकते ते बघावे. माझ्या गाडीत डाव्या सायलेन्सरच्या वर, उष्णतारोधक पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढा एक चकचकीत डाग सापडला. इंजिनावर जोर आला की नळी तिथे घासत होती. हँगर बदलून आणि जोडाचे बोल्ट सैल करून नळी पुन्हा मध्यावर आणण्यात एक सकाळ गेली, आणि शीटच्या दोन खोक्यांनी जे केले नव्हते त्याची सुरुवात तिथे झाली. ज्या दुकानात हा एक्झॉस्ट बसवला गेला होता, तिथे बोल्ट आवळण्याआधी नळी मोकळी लोंबू देण्याइतकी सवड कोणाला मिळालेली नसावी.

यानंतर गळती पाहावी. जोडांच्या भोवती काजळीची रेघ दिसली की गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी चकती, बदलायची. गळतीचा आवाज घुमण्यापेक्षा फटफटणारा असतो; परंतु डिकीखालच्या गळतीतून धूर आत येण्याचा धोका असल्यामुळे हे काम आवाजासाठी नसले तरी करावे.

एवढे करूनही सुळका उभा असेल तर नळीतच उपाय हवा. सर्वांत सरळ उपाय म्हणजे कंपनीचा मूळ एक्झॉस्ट परत बसवणे. तो ज्यांनी तयार केला त्यांनी याच आकडेमोडीत वर्षे घालवलेली असतात. माझ्या मते दहातील सात जणांनी इथेच थांबावे. ज्यांना आवाज हवा आहे पण घुमणे नको, त्यांनी जाडजूड रेझोनेटर (नळीत बसणारा, ठरावीक स्वर दाबणारा डबा) किंवा जे-पाइप यांचा विचार करावा.

जे-पाइप ही मुख्य नळीला बाजूने जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली नळी. लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परतते, आणि लांबी बरोबर पाव लाटेइतकी असेल तर मुख्य नळीत ती उलट्या पायाने उतरते. चढाच्या जागी उतार पडतो आणि तो एक स्वर विझतो. लांबी काढायला ध्वनीच्या वेगाला स्वराच्या चौपटीने भागावे. मेख अशी, की गरम वायूत ध्वनी जास्त वेगाने धावतो : १५० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ४१२ मीटर आणि २५० अंशांना सुमारे ४५९ मीटर. १३७ हर्ट्झसाठी पहिल्या तापमानाला ७५ सेंटिमीटर येतात आणि दुसऱ्याला ८४. बाजूच्या नळीतील वायू साचलेला असल्यामुळे मुख्य प्रवाहापेक्षा थंड असतो, पण नेमका किती ते गाडीगणिक बदलते. म्हणून ८५ सेंटिमीटरपासून सुरुवात करावी, टोक वेल्ड न करता सरकत्या टोपीने क्लॅम्पवर बंद करावे, रस्त्यावर मोजून टोपी दोन-दोन सेंटिमीटर आत सरकवावी, आणि सुळका सर्वांत बुटका होईल तिथे कायमचे वेल्ड करावे. हे सोपे काम वगळून नुसत्या गणितावर वेल्ड करून देणारे पुष्कळ आहेत.

बाजूच्या नळीचा व्यास मुख्य नळीच्या जवळपास ठेवावा, कारण बारीक नळीचा परिणाम फारच अरुंद पट्ट्यात होतो. तिची जागा सायलेन्सरच्या आधी असावी. शेपटाच्या उघड्या तोंडाजवळ दाबाची चढउतार जवळजवळ शून्य असते आणि तिथे जोडलेली नळी शोभेची ठरते. बंद टोक किंचित वर राहील असा कल द्यावा, नाहीतर आत साचलेले पाणी ती आतून खाते. दोन वेगळ्या नळ्यांच्या गाडीला दोन जे-पाइप लागतात. ६९ हर्ट्झसाठी हीच नळी दीड मीटरहून लांब करावी लागेल आणि ती बसवायला या गाडीखाली जागाच नाही. तो स्वर कमी करायचा असेल तर दोन्ही नळ्यांमध्ये एक्स-आकाराचा जोड घालून दोन्ही बाजूंचे स्फोट एकत्र मिसळणे हा व्यवहार्य मार्ग आहे. चार सिलिंडरवाल्यांनी आरपीएमला ३० ने भागावे. ३००० आरपीएमला १०० हर्ट्झ येतात आणि नळी साधारण एक मीटरची होते. भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते, हे ध्यानात ठेवूनच वेल्डरकडे जावे.

तिसरी पायरी : टायर

टायरमध्ये हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, हे प्रथम पाहावे. नंतर टायरच्या ठोकळ्यांवरून तळहात पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि तो टायर मरेपर्यंत ओरडणार. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने या गाडीत ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, म्हणून मागच्या चाकांची अलाइनमेंट इथे दुप्पट महत्त्वाची आहे. नवे टायर घ्यायचेच असतील तर ट्रॅकसाठीच्या टायरऐवजी लांबच्या प्रवासासाठी बनवलेले घ्यावेत. काही कंपन्या टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवून देतात; ती पोकळीच्या २०० ते २५० हर्ट्झच्या स्वरावर चांगली चालते, पण नक्षीच्या सूं-सूंवर तिचा काही उपयोग नाही. युरोपीय लेबलवरचा आवाजाचा आकडा गाडीबाहेर, रस्त्याकडेला मोजलेला असतो, त्यामुळे आतल्या शांततेचा तो दाखला मानू नये.

चौथी पायरी : डिकी आणि चाकांच्या कमानी

आता कुठे ट्रिम उघडायची. आसने काढणार असाल तर बॅटरीची तार आधी सोडावी, किमान तीन मिनिटे थांबावे, आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आहेत हे विसरू नये. आसन बाहेर असताना इग्निशन चालू केले तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला गॅरेजची वारी होते. ट्रिमच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या टोकाने उचकाव्यात, आणि तुटतील म्हणून दहाबारा जास्तीच्या आधीच मागवून ठेवाव्यात.

डॅम्पिंग शीट ही ॲल्युमिनियमच्या पाठीची, ब्युटाइल रबराचीच घ्यावी. डांबराच्या पायावरची स्वस्त शीट ह्यूस्टनच्या किंवा चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीत मऊ होते, वास मारते आणि उभ्या पत्र्यावरून घसरते. दोन मिलिमीटर जाडीच्या चांगल्या शीटचे वजन चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो असते, म्हणून ती गालिच्यासारखी अंथरण्याचा मोह टाळावा. बोटाच्या पेराने पत्रा वाजवत जावे : जिथे टणटण वाजते तिथे मध्यभागी तुकडा लावावा, जिथे ठक असा मुका आवाज येतो तिथे हात लावू नये. सपाट पत्र्याचा पाव ते तिसरा भाग झाकला की थरथर पुरेशी मरते. अपवाद चाकांच्या कमानींचा. त्या मात्र पूर्ण झाकाव्यात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा आणि प्रत्येक तुकडा रोलरने असा दाबावा की फॉइलवरची उठावदार नक्षी सपाट होईल. नक्षी दिसत राहिली तर शीट नुसती टेकली आहे, चिकटलेली नाही. फॉइलची कड बोट कापते, म्हणून हातमोजे घालावेत.

डॅम्पिंगने पत्र्याची थरथर थांबते. हवेतून येणारा आवाज अडवायला वर जड व्हिनाइलचा पडदा लागतो, आणि पडदा व पत्रा यांच्यामध्ये बंद छिद्रांच्या फोमचा पातळ थर लागतो, म्हणजे पडदा पत्र्याबरोबर थरथरत नाही. स्टेपनीचा खळगा, दोन्ही कमानी आणि आसनांमागची जमीन एवढ्यावर तो एकसलग घालावा. इथे कसर केलेली अजिबात चालत नाही. पडद्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी तो पडदा कितीही जड असो, २० डेसिबलपलीकडे काही अडवू शकत नाही. बोल्टच्या, वायरिंगच्या आणि सीटबेल्टच्या भोकांभोवती चिकटपट्टीने कड बंद करण्यात मला पडदा कापण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि तो वेळ सत्कारणी लागला. मागच्या ट्रिमच्या पोकळीत पाणी न धरणारी, कापसासारखी कृत्रिम धाग्यांची गादी सैलसर भरावी. १००० हर्ट्झच्या सूं-सूंवर तिचा परिणाम लगेच जाणवतो.

तीन जागा बंद करू नयेत. दरवाजांच्या तळाची पाणी निघण्याची भोके बुजवली तर दरवाजा आतून गंजतो. मागच्या बंपरच्या आत केबिनमधील हवा बाहेर सोडणाऱ्या रबरी झडपा असतात. त्यांच्यातून एक्झॉस्टचा आवाज येतो हे खरे, पण त्या बुजवल्या तर दार लावताना कानाला दडा बसतो आणि काचांवर वाफ धरते, तेव्हा वाटेत फोमचे वळण द्यावे आणि झडप मोकळी ठेवावी. तिसरी जागा गाडीखालची, एक्झॉस्टच्या वरची. तिथे काहीही चिकटवू नये, कारण धूर शुद्ध करणाऱ्या, अतिशय तापणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळच्या पत्र्यावर चिकटवलेली वस्तू पेट घेऊ शकते.

दारे आणि डिकी यांच्या कडेचे रबरी बीडिंग तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढावी. अडखळत आली तर बीडिंग ठीक, सुळकन आली तर तिथून वारा आणि आवाज दोन्ही येतात.

२०१५ पासूनच्या, बोस स्पीकर असलेल्या ३७०झेडमध्ये कंपनीची आवाज खोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. ती मूळ एक्झॉस्टच्या आवाजावर बेतलेली असल्यामुळे नळी बदलल्यावर ती कधीकधी घुमण्यात भरच घालते. अशा गाडीत वरील कोणतेही काम करण्यापूर्वी ती यंत्रणा तात्पुरती बंद करून मोजमाप घ्यावे. तेवढ्यानेच प्रश्न सुटल्याची उदाहरणे आहेत.

प्रत्येक पायरीनंतर त्याच रस्त्यावर, फोन त्याच उशीला बांधून पुन्हा मोजावे आणि आधीचा आलेख शेजारी ठेवून पाहावे. माझ्या शेवटच्या आलेखात १३७ चा खिळा शेजारच्या गर्दीत मिसळून गेला आहे, ६९ चा उंचवटा थोडा उरला आहे, आणि काँक्रीटवरची शिट्टी डांबर लागल्यासारखी मऊ झाली आहे. शीट, पडदा आणि नळ्या मिळून गाडीचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास वाढले. सुरुवातीला जमिनीवर अंथरलेल्या शीटपैकी निम्मी मी हेअर ड्रायरने गरम करून, खरवडून काढली, म्हणूनच ते एवढ्यावर राहिले.